साद आणि सापळा

पाखरांना साद घालून जवळ बोलावणे ही एक विद्या आहे, आणि कुठल्याही विद्येप्रमाणे ती शिकावी लागते. अमेरिकेत, विशेषतः मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात, बदकांच्या आणि रानहंसांच्या शिकारीसाठी बाप ती मुलाला शिकवतो. तिच्यावर शिकाऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. पण त्यातील बरेचसे लेखन ‘कसे बोलवावे’ एवढ्यापाशीच थांबते. आपण कोणाचा आवाज उसना घेतो आहोत आणि त्या आवाजाचे आपण काही देणे लागतो काय, हा प्रश्न फार थोड्या लेखनात येतो. ज्यांत तो येतो अशा तीन कृतींचा येथे विचार करावयाचा आहे. एक ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांचे ‘किंग सॉलोमन्स रिंग’, दुसरी स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलॉफ यांच्या ‘नील्स होल्गरसन’मधील बदकाची कथा आणि तिसरी पाली जातकांतील तित्तिरजातक. तिघींचा काळ वेगळा, देश वेगळा, हेतूही वेगळा. परंतु त्या शेजारी ठेवून वाचल्या की एकमेकींवर उजेड टाकतात.

त्याआधी ही विद्या शिकतात कशी हे पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील साऱ्या विवेचनाचे मर्म तिच्या तपशिलांत आहे. साधन अगदी साधे असते. जत्रेत मिळणाऱ्या पिपाणीसारखी लाकडाची वा प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यात थरथरणारी एक पातळ पट्टी. नवशिका गाल फुगवून फुंकतो आणि आवाज फाटतो. श्वास पोटातून यावा लागतो. हंसाच्या पिपाणीसाठी तर आरशावर वाफ धरावी तसा ऊन श्वास सोडावयास शिकवतात. पिपाणीच्या तोंडाशी धरलेल्या हाताच्या ओंजळीने स्वर उघडतो किंवा दबतो. चरणाऱ्या बदकांची कुजबुज काढण्यासाठी जिभेने ‘टिका-टिका’ असे शब्द नळीत पुटपुटावे लागतात.

ज्या बदकाची ही नक्कल, ते हिरव्या डोक्याचे मॅलार्ड. आपल्या बावखलांतून पोहणाऱ्या पाळीव बदकांपैकी बहुतेकांचे कूळ याच जातीचे, तेव्हा तो ठणठणीत आवाज वाचकांच्या ओळखीचा असेल. मात्र तो आवाज मादीचा असतो. रंगीत पिसांच्या नराला निसर्गाने घोगरा, दबका स्वर दिला आहे. म्हणजे थंडीत पहाटे दलदलीत उभे राहून शिकारी जो आवाज काढतात तो मादीचाच असतो. पहिला सूर मोठा आणि लांब, मग एकेक पायरी उतरत गेलेले चार-सहा सूर.

या भाषेचे व्याकरण छोटे आहे. दूरवरून जाणाऱ्या थव्याला हाक मारण्याचा एक प्रकार, जवळ आलेल्यांना ‘येथे चारा आहे, आम्ही निवांत आहोत’ असे सांगणारी ती कुजबुज, आणि थवा वळून चालला तर आर्जवाने परत बोलावण्याचा तिसरा. जाणते शिकारी सांगतात की पाखरांचे शेपूट दिसले की बोलवावे आणि छाती दिसली की गप्प राहावे. कधी बोलू नये हे ज्याला कळले त्याला विद्या आली.

या तिन्ही प्रकारांचा अर्थ एकच आहे: ‘भय नाही, ये.’ बदकांच्या भाषेत भयाची सूचना देणारा स्वरही आहे; पण शिकाऱ्याला तो कधी काढावा लागत नाही, कारण तो काढला तर थवा उडून जाईल. पाखराच्या शब्दकोशातील नेमका हा एक शब्द वगळून उरलेला कोश तो पाठ करतो. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

पूर्वी इतके कष्ट घ्यावे लागत नसत. माणसाळवलेली जिवंत बदके पाण्यात बांधून ठेवीत, आणि तीच आपल्या जातभाईंना बोलावीत. १९३० नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत उत्तर अमेरिकेत बदकांची संख्या इतकी घटली की १९३५ मध्ये अमेरिकन सरकारने जिवंत पाखरे बांधण्याची ही पद्धत बंद केली. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, आर्कान्सा राज्यातील स्टटगार्ट या भातशेतीच्या गावात बदकांना साद घालण्याची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षीचे बक्षीस शिकारीचा एक कोट होते. ठरावीक नव्वद सेकंदांत स्पर्धकाला सारे प्रकार वाजवून दाखवावे लागतात. गमतीची बाब अशी की तेथे परीक्षक माणसे असतात. स्पर्धेत जिंकणारी साद आणि दलदलीत बदक उतरवणारी साद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेथील शिकारी स्वतःच मोकळेपणाने सांगतात. कलेचे उपयोगापासून सुटणे म्हणजे काय, हे सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा या उदाहरणाने लवकर समजावे.

न्यायाचे म्हणून एक सांगितले पाहिजे. या शिकाऱ्यांकडे केवळ हिंसेचे भोक्ते म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. १९३४ पासून तेथील जलपक्ष्यांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक विशेष तिकीट विकत घ्यावे लागते, आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून बदके बोलावण्यास तेथे मनाई आहे. यंत्राला थकवा नाही आणि पाखराला बचाव उरत नाही. माणसाने स्वतःच्या श्वासानेच बोलवावे, या नियमात एक प्रकारची नीती आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने अशा शिकारीचा विषयच संपवला. फासेपारध्यांना पाखरांच्या हुबेहूब आवाजांची जी जाण होती तिची नोंद मात्र आपल्या साहित्याने पुरेशी घेतलेली नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता लोरेन्झ. १९४९ मध्ये जर्मनमध्ये आणि १९५२ मध्ये इंग्रजीत आलेल्या या पुस्तकाचे नाव शलमोन राजाच्या दंतकथेतील अंगठीवरून आले आहे. ती बोटात घातली की पशुपक्ष्यांची भाषा कळे. ‘राजे’ या पुस्तकात शलमोन पशुपक्ष्यांविषयी बोलत असे, एवढेच म्हटले आहे. ‘विषयी’चे ‘शी’ कसे झाले, ही गंमत लोरेन्झ स्वतःच नमूद करतात. अंगठीविना आपण ते करू शकतो, हा त्यांचा खेळकर दावा.

कलहंसाचे अंड्यातून निघालेले पिल्लू प्रथम दिसेल त्याला आई मानते. मॅलार्डचे पिल्लू तसे मानीत नाही. त्याला आईचा आवाज लागतो, असा लोरेन्झ यांचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी त्यांनी पिल्लांपुढे मादीसारखे ओरडण्यास सुरुवात केली, आणि पिल्ले मागे आली. पण ओरडणे थांबवले की ती कासावीस होत, आणि उभे राहिले की त्यांना आई हरवल्यासारखे होई. तेव्हा हा दाढीवाला गृहस्थ तासन्तास उकिडवा बसून, क्वॅक-क्वॅक करीत कुरणातून सरकत राहिला. कुंपणापलीकडे काही सहलकरी पांढरेफटक चेहरे करून उभे होते. उंच गवतात लपलेली पिल्ले त्यांना दिसत नव्हती. तो दिवस पेन्टेकॉस्टच्या सणाचा होता, हे लोरेन्झ जाता जाता सांगतात. प्रेषितांना ऐकून ते मद्य प्याले आहेत असे म्हणणाऱ्या यरुशलेमच्या लोकांची आठवण आपल्याला व्हावी. लेखकाला ती अभिप्रेत असो वा नसो.

या प्रसंगातील विनोद सर्वांना आवडतो. मला त्यातील बंधन मोलाचे वाटते. शिकाऱ्याला गप्प होता येते, किंबहुना व्हावेच लागते. लोरेन्झना गप्प होता येत नाही. ज्याने आईची साद घातली त्याला आई व्हावे लागले, पाठ दुखली तरी आणि लोक हसले तरी. लेखक म्हणून त्यांची उणीव एवढीच की हे बंधन ते शास्त्रीय नोंद म्हणून सांगतात व पुढे जातात. १९३८ मध्ये हेच लोरेन्झ नात्सी पक्षात दाखल झाले होते. हाकेमागे धावणाऱ्या पिल्लांचा इतका सूक्ष्म अभ्यास करणाऱ्याला त्या काळच्या मोठ्या हाकेचा अर्थ लागू नये, याचा उलगडा हे पुस्तक करीत नाही. १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना पुढे मिळाले.

लागरलॉफ यांची कथा याहून खोल आहे. ‘नील्स होल्गरसन’ १९०६–०७ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. शिक्षकांच्या संघटनेला स्वीडनच्या भूगोलाचे क्रमिक पुस्तक हवे होते. लेखिकेने अंगठ्याएवढा झालेला एक मुलगा हंसाच्या पाठीवर बसवून देशभर फिरवला. त्यात टोकेर्न नावाच्या उथळ, बोरूने भरलेल्या सरोवराची हकिकत येते. यार्रो नावाचे मॅलार्ड बंदुकीने जखमी होते आणि काठावरच्या शेतकऱ्याच्या घरात आसरा घेते. घरची माणसे त्याची शुश्रूषा करतात, लहानगा पेर ओला त्याच्यावर जीव टाकतो, सीझर नावाचा कुत्राही त्याचा मित्र होतो. यार्रोला वाटते, माणसांविषयी आपण उगीच वाईट ऐकत होतो. मग एके दिवशी त्याला सरोवरावर नेऊन दोरीने बांधून सोडतात. तो आनंदाने आपल्या जातभाईंना हाक मारतो. ते उतरतात, आणि बोरूतून बार उडतात.

येथे लेखिकेने साधलेला परिणाम विलक्षण आहे. यार्रोला कोणी मारून बोलावयास लावले नाही. त्याला प्रेमाने वाढवले, आणि त्या प्रेमानेच त्याच्या आवाजात ती निश्चिंतता आली जी शिकाऱ्यांना हवी होती. त्याची साद खोटी नव्हती. तो खरेच सुखी होता. पिपाणी वाजवणारा माणूस सुखाची नक्कल करतो, येथे खऱ्या सुखाचाच सापळा झाला. घात उमगल्यावर यार्रो काय करतो? येणाऱ्या थव्यांना ओरडून सांगतो की येथे उतरू नका, बोरूत बंदुका आहेत. शिकारी जो एकच शब्द वगळतो तोच तो उच्चारतो, त्याच कंठाने, दोरी बांधलेली असतानाच. नील्स पुढे दोरी कापतो, पण यार्रो माझ्या मते त्याआधीच मोकळा झाला आहे.

पक्षिनिरीक्षक येथे हरकत घेईल की यार्रो नर असून दूरवर साद घालणारा आवाज मादीचा असतो. हरकत खरी आहे. कथेने ती सोसावी. मोठा दोष पुढे आहे. सरोवर आटवून जमीन करण्याचा बेत, नावेतून हरवलेला पेर ओला, पाखरांचा आक्रोश ऐकून बदललेले आईचे मन आणि अखेर वाचलेले सरोवर, हे सारे इतके जुळून येते की क्रमिक पुस्तकाचा हात दिसू लागतो. शिवाय यार्रोला बांधणाऱ्या माणसांना त्या कृत्याचा जाब कोणी विचारीत नाही. पण मूल हरवलेल्या आईला ज्यांची घरटी जाणार आहेत त्या पाखरांचे दुःख ऐकू यावे, ही कल्पना एकट्या लागरलॉफ यांचीच. टोकेर्नचे पाणी एकोणिसाव्या शतकात एकदा खरोखर उतरवले गेले होते. आज ते राखीव क्षेत्र आहे.

भुलवणीचा पक्षी आपल्या धर्मग्रंथातही आहे. बेन सिराच्या बोधग्रंथाच्या अकराव्या अध्यायात गर्विष्ठाच्या मनाला पिंजऱ्यातील तितराची उपमा दिली आहे. तेथे तितर हा दोषी पक्ष आहे. त्याची बाजू कोणी ऐकत नाही. ती ऐकली आहे जातकाने.

तित्तिरजातकात एक पारधी तितर पकडून शिकवतो. त्याच्या सादेने इतर तितर येऊन जाळ्यात पडतात. तितराला वाटते, माझ्यामुळे माझे आप्त मरतात, हे पाप माझे. म्हणून तो मुका राहतो. पारधी बांबूने त्याच्या डोक्यावर मारतो. वेदनेने तो ओरडतो, आणि ते ओरडणे ऐकूनही पाखरे येतातच. ही एक ओळभर घटना साऱ्या कथेत सर्वांत भयंकर आहे: त्याचे दुःखही आमिष ठरते. पुढे एका तपस्व्याच्या पर्णकुटीजवळ पारधी झोपी जातो आणि तितर आपला प्रश्न मांडतो. ते मरावेत अशी माझी इच्छा नाही. तरीही हे कर्म मला लागते काय? तपस्वी, म्हणजे बोधिसत्त्व, सांगतो की मन दूषित नसेल तर पाप लागत नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत आल्फोन्सस लिगोरी यांनी केलेला भेद आम्ही घोकला होता: दुसऱ्याच्या दुष्कृत्यात हेतूने सामील होणे वेगळे आणि हेतू नसता केवळ कृतीने हातभार लागणे वेगळे. त्या कसोटीवर तपस्व्याचे उत्तर योग्यच ठरते, आणि छळाला बळी पडलेल्या जिवाला ते दिलासा देणारे आहे. कथनाच्या दृष्टीनेही जातककाराने प्रश्न पाखराच्या मुखी घालून मोठे काम केले. पारध्याला तो सुचलाच नसता. तरीही यार्रोनंतर हे उत्तर वाचताना मन थबकते. तितर विचारतो, मी दोषी आहे काय. यार्रो हा प्रश्न विचारीत बसत नाही; त्याच्या डोळ्यांपुढे येणारा थवा आहे. तितराला भयाची सूचना देणारा स्वर येत नसेल असे नाही, पण तो त्याने काढून पाहावा असे जातककाराला सुचत नाही. निर्दोष ठरवणे एवढेच कथेचे कार्य तो मानतो, आणि ते कार्य तो चोख पार पाडतो.

कथेच्या शेवटी पारधी जागा होतो, तपस्व्याला वंदन करतो, आणि पिंजरा उचलून चालू लागतो.