अतिलघु स्पंद लेसरमधील प्रकाशीय घटकांची जुळवणी : एक चिकित्सा

डोना स्ट्रिकलंड व जेरार्ड मूरू यांनी १९८५ साली रॉचेस्टर विद्यापीठात मांडलेल्या आणि २०१८ मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरविल्या गेलेल्या तंत्राचे मराठीतील वर्णन बहुधा तीन क्रियापदांत आटोपते : लेसरचा स्पंद ताणणे, प्रवर्धित करणे आणि पुन्हा आवळणे. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. हे तत्त्व ज्या कृतीने प्रत्यक्षात उतरते, त्या जुळवणीचा त्यात उल्लेख नसतो. प्रस्तुत टिपणात या उणिवेचा विचार केला आहे.

जुळवणीसाठी रूढ असलेल्या ‘संरेखन’ या संज्ञेतून किरण एका रेषेत आणणे एवढाच बोध होतो. साध्या लेसरबाबत तो पुरेसा आहे. पहिल्या आरशाने किरण जवळच्या छिद्रावर, दुसऱ्याने दूरच्या छिद्रावर आणावयाचा आणि दोन्ही साधेपर्यंत ही क्रिया आलटूनपालटून करावयाची. अतिलघु स्पंदाबाबत मात्र रेषेबरोबर काळही जुळवावा लागतो. ३० फेम्टोसेकंदांत प्रकाश केवळ ९ मायक्रोमीटर अंतर कापतो. स्पंद आवळणारी विवर्तन जालके परस्परांशी किंचितही असमांतर राहिली, तर निरनिराळे रंग निरनिराळ्या दिशांनी बाहेर पडतात. परिणामी नाभीपाशी ठिपका पसरतो, स्पंद लांबतो व तीव्रता घटते. ऊर्जामापक मात्र जवळपास पूर्वीचाच आकडा दाखवतो. केवळ वाचनावर विसंबणाऱ्यास हा दोष दिसत नाही, हे येथे विशेष लक्षात घ्यावयास हवे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने अशा अतितीव्र लेसरवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. नाशिकमधील पदवी महाविद्यालयाकडून तशा यंत्रणेची अपेक्षा नाही. परंतु तेथे वर्णपटमापी असतो आणि शूस्टर पद्धतीने त्याची जुळवणी करणे ही याच कौशल्याची पहिली पायरी होय. प्रत्यक्षात अनेकदा उपकरण आधीच जुळवून विद्यार्थ्याच्या हाती दिले जाते आणि गुण वाचनांना व आलेखाला मिळतात. जी कृती लेखनात गाळली जाते, तीच अध्यापनातही गाळली जाते.

यास्तव प्रात्यक्षिक परीक्षेत जुळवणीस स्वतंत्र गुण असावेत आणि उपकरण मुद्दाम विस्कटून द्यावे, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, तासिका मात्र लागतात. तेवढे न केल्यास आपले विद्यार्थी तत्त्व अचूक लिहितील, पण प्रयोगशाळेतील प्रकाश त्यांच्या हाताने जुळणार नाही.