जाहीरनाम्यांचे गद्य

वाङ्मयाच्या इतिहासात सरकारी कागदाला सहसा स्थान मिळत नाही. आज्ञापत्रासारखा एखादा ग्रंथ सोडला, तर हुकूम, जाहीरनामे आणि परिपत्रके इतिहाससंशोधकाच्या स्वाधीन करून टीकाकार मोकळा होतो. नोकरीनिमित्त परप्रांतांत राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना ही वाटणी मान्य होणे कठीण आहे. ज्या गद्याच्या लेखन-वाचनात आपले निम्मे आयुष्य जाते, त्याला गुणदोष नसतातच असे कसे म्हणावे? या दृष्टीने इंग्रजी सत्तेने सोळाव्या-सतराव्या शतकांत आयर्लंडसाठी काढलेले काही कायदे आणि जाहीरनामे मी कालक्रमाने वाचले. माझे मत थोडक्यात असे झाले, की सुटा वाचलेला जाहीरनामा राज्यकर्त्याचे म्हणणे सांगतो. पण मागचे कागद जोडून वाचला, म्हणजे राज्यकर्त्याला जे सांगायचे नव्हते तेही तो सांगू लागतो.

या परंपरेचे मूळ बरेच मागे, १३६६ सालच्या किलकेनीच्या कायद्यांत सापडते. आयर्लंडात वस्ती केलेल्या इंग्रजांनी आयरिश भाषा बोलू नये, बोलल्यास जमीन जप्त होईल, असे त्यांत बजावले आहे. इंग्रजीच्या रक्षणासाठी केलेले हे कायदे मात्र नॉर्मन फ्रेंच भाषेत लिहिलेले आहेत! आठव्या हेन्रीच्या अमदानीतील १५३७ चा कायदा याच वाटेने पुढे जातो. कपाळावर केसांची झुलपे सोडू नयेत, वरच्या ओठावर आयरिश धर्तीच्या मिशा राखू नयेत, केशरात रंगवलेले कपडे वापरू नयेत, सदऱ्याला सात वारांहून अधिक कापड लावू नये, अशी त्याची आज्ञा आहे. या गद्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. ते लिहिणाऱ्याने आयरिश माणूस बारकाईने पाहिला आहे. केसांची ठेवण, कापडाचा रंग, त्याची लांबी, यांतले काहीही त्याच्या नजरेतून सुटलेले नाही. परंतु ज्यांच्याविषयी हे लिहिले, त्यांतील बहुतेकांना त्यातील एक अक्षरही समजणारे नव्हते.

याला अपवाद सापडतात, आणि ते विचार करण्यासारखे आहेत. १५४१ साली डब्लिनच्या पार्लमेंटात हेन्रीला आयर्लंडचा राजा म्हणून मान्यता द्यावयाची होती. त्यासाठी आयरिश सरदारांची संमती हवी होती. तेव्हा सभापतीच्या भाषणाचा आशय ऑर्मंडच्या अर्लने त्यांना आयरिश भाषेत समजावून दिला. पुढे १५७१ मध्ये डब्लिनला आयरिश लिपीत पहिले पुस्तक छापले गेले, तेही धर्मोपदेशाचे. मन वळवायचे असले म्हणजे ऐकणाऱ्याची भाषा सत्तेला आठवत असे. नुसते आज्ञापालन हवे असे, तेव्हा तिची निकड तितकीशी भासत नसे.

एलिझाबेथ राणीचा ३१ मार्च १५९९ चा जाहीरनामा शैलीच्या दृष्टीने अधिक संपन्न आहे. ह्यू ओ'नीलचे बंड मोडण्यासाठी एसेक्सबरोबर सुमारे १७,००० चे सैन्य निघाले होते, त्याचे हे समर्थन. राणीची वाणी येथे मातेसारखी आहे. ती दुःखाने बोलते, वाट चुकलेल्यांना निर्दयांपासून वेगळे काढते, शरण येणाऱ्याला दयेचे आश्वासन देते. मग मध्येच ती एका समजुतीचा समाचार घेते. आयरिश राष्ट्राचा समूळ उच्छेद करण्याचा आपला बेत आहे असे काहींच्या मनात भरवण्यात आले आहे, ते खोटे आहे. आणि जे राज्य आपलेच आहे ते जिंकण्याची भाषा मुळातच असमंजस आहे, असे ती म्हणते. हे वाचताना कचेरीत मुरलेला मनुष्य थबकल्यावाचून राहणार नाही. कोणी न विचारलेल्या प्रश्नाला सरकार उत्तर देत नसते. ज्या अर्थी इन्कार छापावा लागला, त्या अर्थी ती धास्ती घराघरांत पोचलेली होती. आयरिश जनतेच्या मनात त्या वर्षी काय होते, याचा असा पुरावा खुद्द राणीच्या मोहरेखाली मिळतो.

पहिल्या जेम्सच्या काळातील तीन कागद तर एकत्रच वाचावे लागतात. ११ मार्च १६०५ रोजी राजप्रतिनिधी आर्थर चिचेस्टर याने जाहीर केले, की आयर्लंडातील सर्व लोक राजाचे स्वतंत्र आणि प्रत्यक्ष प्रजाजन आहेत. यापुढे कोणी कोणा सरदाराचा ताबेदार नाही. सरदारांचे बळ कमी करण्याचा हेतू त्यामागे होता हे उघड आहे. तरीही या गद्यातील औदार्य सर्वस्वी खोटे मानण्याचे मला कारण दिसत नाही. सामान्य कुळाला उद्देशून इतक्या सन्मानाने बोललेला कागद त्या काळात विरळा. पण चारच महिन्यांनी, ४ जुलैला, दुसरा जाहीरनामा निघाला. धर्मस्वातंत्र्य मिळणार ही अफवा असून ती खोटी आहे, सर्वांनी सरकारी पंथाच्या प्रार्थनामंदिरात गेलेच पाहिजे, आणि जेझुइट व इतर कॅथॉलिक धर्मगुरूंनी १० डिसेंबरपूर्वी देश सोडावा, असे त्यात फर्मावले होते. त्यापाठोपाठ डब्लिनच्या प्रतिष्ठित नागरिकांना नावानिशी हुकूम गेले. ज्यांनी ते मानले नाहीत त्यांना दंड आणि कैद झाली.

सप्टेंबर १६०७ मध्ये टायरोन आणि टिरकॉनेल येथील अर्ल सहकुटुंब देशांतरास गेले. १५ नोव्हेंबरला जेम्सने त्यांच्याविरुद्ध जाहीरनामा काढला. धर्माच्या बाबतीत त्यांना छळाची छायाही कधी स्पर्शली नव्हती, अशी ग्वाही तो त्यात राजवचनाने देतो. नंतर भाषा घसरते. त्यांचे कूळ हलके, हत्येत त्यांना दोष दिसत नाही, विवाहाचे त्यांना महत्त्व नाही, लुटारूपणा हेच त्यांचे शौर्य, अशी दूषणांची माळच लागते. टीकाकाराने येथे एवढेच विचारावे, की माणसे इतकी क्षुद्र होती, तर त्यांच्या जाण्याने राजाला इतका लांबलचक खुलासा का करावा लागला? याचे उत्तर श्रोत्यांत आहे. हा जाहीरनामा आयरिश रयतेपेक्षा युरोपातील कॅथॉलिक दरबारांच्या कानी पडावा म्हणून रचलेला दिसतो. आणि छळाची छायाही नव्हती या वाक्याशेजारी जुलै १६०५ चा कागद ठेवला, की अधिक टीका करण्याची गरज उरत नाही. पुढे अल्स्टरमधील जप्त जमिनींवर इंग्रज आणि स्कॉट वसाहतवाले आणले गेले, तेव्हा त्यांच्या हिश्शाच्या जमिनींवरून आयरिश कुळांना हलवण्याचे ठरले. १६०५ साली जो स्वतंत्र प्रजाजन होता, तो पाच वर्षांत हलवण्याजोगा माणूस झाला. हलवण्याची मुदत मात्र पुनःपुन्हा वाढत गेली. कारण कुळांवाचून नव्या मालकांचे चालेना.

असे कागद लिहिणारे लोक अरसिक होते, अशी समजूत करून घेणे आपल्याला सोयीचे जाईल. पण एडमंड स्पेन्सर आडवा येतो. इंग्रजी काव्यातील हा थोर पुरुष १५८० मध्ये लॉर्ड ग्रेचा चिटणीस म्हणून आयर्लंडात आला आणि पुढेही तेथे सरकारी लेखणीच चालवीत राहिला. त्या वर्षी स्मेरिक येथे शरण आलेल्या सुमारे ६०० जणांची कत्तल झाली. तिची हकीकत राणीला कळविणारे ग्रेचे पत्र स्पेन्सरच्या हस्ताक्षरातले आहे. आयर्लंडच्या स्थितीविषयी त्याने १५९६ च्या सुमारास लिहिलेला आणि १६३३ मध्ये छापलेला संवाद वाचावा. मन्स्टरच्या दुष्काळात पाय न चालल्यामुळे झाडीतून हातांवर सरपटत बाहेर येणारी माणसे त्याने अशी रंगवली आहेत, की वाचकाच्या अंगावर काटा यावा. आणि त्याच संवादात बंड मोडण्याचा उपाय म्हणून उपासमारीचीच शिफारस आहे. त्याची दृष्टी अंध नव्हती आणि भाषाही दुबळी नव्हती. पाहिलेल्याचा आणि सुचवलेल्याचा संबंध जोडण्याचे त्याने नाकारले, इतकेच.

क्रॉमवेलच्या विजयानंतरचे कागद या मालिकेचा शेवट म्हणून घेता येतील. १६५३ मध्ये ठरले, की ठरावीक आयरिश जमीनदारांनी १ मे १६५४ पूर्वी शॅनन नदीपलीकडे, कॉनॉट आणि क्लेअरकडे निघून जावे. जाणाऱ्यांसाठी दाखले लिहिले गेले. त्यांत नाव, वय, उंची, केसांचा रंग, गुरांची संख्या आणि उभ्या पिकाची नोंद असे. वृद्धत्व, आजार, न कापलेले शेत अशा कारणांचे अर्ज येत राहिले आणि मुदती वाढत राहिल्या. प्रेंडरगास्ट या आयरिश वकिलाने १८६५ मध्ये या दप्तरातील उतारे छापले, हे त्याचे उपकार; कारण १९२२ च्या यादवीत डब्लिनचे दप्तरखाने जळाले. जाहीरनाम्यांत आयरिश मनुष्य एक तर बंडखोर असतो, नाहीतर प्रजाजन. या दाखल्यांत मात्र तो अमुक वयाचा, अमुक केसांचा, चार गायींचा धनी आहे. माझ्या मते या साऱ्या दप्तरातील सर्वांत सच्चे गद्य हेच, आणि ते माणसाला घराबाहेर काढण्यासाठी लिहिले गेले.

हुकुमाला हुकूम म्हणून वाचावे, त्याला वाङ्मयाचे निकष लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येईल. लालित्याची अपेक्षा मीही करीत नाही. पण हे कोणासाठी लिहिले आणि त्याला ते कळेल काय, हा निकष कोणत्याही लेखनाला लागू आहे.

एक स्वतःची गोष्ट सांगून संपवतो. आयर्लंडातील अन्यायाशी तिची तुलना नाही. काही वर्षांपूर्वी पूर्वेकडील एका गावी मी नोकरीला होतो. निवृत्तिवेतनाच्या कागदांसंबंधीची एक सूचना मी इंग्रजीत आणि हिंदीत तयार करून कचेरीबाहेर लावली. गावाची भाषा तिसरीच होती. मुदत दोनदा वाढवली, तरी कोणी येईना. एके दिवशी एका वृद्ध बाईंना आमच्या शिपायाने ती सूचना त्यांच्या भाषेत दोन वाक्यांत सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या कागद घेऊन आल्या. त्यापूर्वीच मी टिपणात लिहून ठेवले होते, की पुरेशी प्रसिद्धी देऊनही प्रतिसाद अत्यल्प आहे. ते वाक्य मी दुरुस्त केले नाही. आज ती नस्ती कोणी चाळली, तर गावातील लोक बेफिकीर होते असेच त्याला वाटेल.