'म्हणे'चा विसर : प्रणयप्रधान दूरचित्रवाणी-मालिकांतील पात्रे आणि लोकव्यवहाराचा निकष

प्रणयप्रधान मालिकांविषयी होणाऱ्या चर्चेत दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. 'खऱ्या आयुष्यात असे कोणी वागते का?' हे पहिले, आणि 'मालिकाच आहे ती, इतके मनावर काय घ्यायचे?' हे दुसरे. पहिल्यात पात्राला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पंक्तीत बसवून त्याचा न्याय केला जातो. दुसऱ्यात त्याला सर्व न्यायांतून मुक्त केले जाते. ही दोन्ही वाक्ये समीक्षेच्या दृष्टीने अपुरी आहेत. ती कोठे अपुरी पडतात, आणि लोकव्यवहाराचा निकष पात्रांना लावणे कितपत युक्त ठरते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

हा प्रश्न नवा नाही. भरताने नाट्यशास्त्रात लोकधर्मी व नाट्यधर्मी असा भेद केला, तो याच अडचणीतून. रंगभूमीवर काही गोष्टी लोकात घडतात तशा दाखविल्या जातात, तर काही केवळ नाट्याच्या संकेताने ग्राह्य ठरतात. पाश्चात्य समीक्षेत ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ साली शेक्सपिअरच्या पात्रांचा जिवंत माणसांप्रमाणे शोध घेतला, आणि १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी त्या पद्धतीचा उपहास करण्यासाठी लेडी मॅकबेथला मुले किती, हाच प्रश्न आपल्या निबंधाचे शीर्षक म्हणून योजिला. मराठीत फडके-खांडेकर वादाने 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या रूपात हाच झगडा एका पिढीला परिचित करून दिला. तथापि दैनंदिन मालिका या प्रकाराने त्याला एक नवी बाजू दिली असून ती मुख्यतः भाषिक आहे.

मराठीत 'म्हणे' हा एक लहानसा शब्द आहे. 'तो म्हणे मुंबईस गेला' या वाक्यात बोलणारा बातमी सांगतो, पण तिची हमी घेत नाही. सर्व कल्पित कथनाच्या मुळाशी असा एक अध्याहृत 'म्हणे' असतो. आटपाट नगरापासून आरंभ होणारी कहाणी ऐकताना ते नगर कोणत्या तालुक्यात आहे, असे कोणी विचारीत नाही. कारण कथनाच्या पहिल्याच शब्दाने श्रोत्याला आपल्या जगातून उचलून दुसरीकडे नेलेले असते.

दैनंदिन मालिका हा 'म्हणे' जवळजवळ पुसून टाकते. तिचे नगर आटपाट नसून मुंबई, ठाणे किंवा पुणे असते. तिच्यातील गणपती प्रेक्षकाच्या घरी गणपती असतात त्याच दिवसांत बसतो; तिच्यातील दिवाळी आणि संक्रांत त्याच्याच दिनदर्शिकेप्रमाणे येतात. परिणामी प्रेक्षकाच्या भाषेतील कालवाचक शब्दही बदलतात. कादंबरीचा वाचक 'नायक शेवटी परत येतो' असे बहुधा वर्तमानकाळात सांगतो. मालिकेचा प्रेक्षक मात्र 'काल गुरूने काय केले, पाहिलेस का?' असे विचारतो. हा 'काल' कथेतला नाही, तर विचारणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यातला आहे. जे पात्र आपल्या 'काल'मध्ये वावरते, त्याला आपलेच नियम लागू करावेत, ही प्रवृत्ती यातून सहजच निर्माण होते. तिला केवळ प्रेक्षकाचे भोळेपण म्हणणे अन्यायाचे होईल. मालिकेच्या रचनेनेच ती जोपासलेली असते.

या रचनेचे एक प्रमुख उत्पत्तिस्थान ज्या परिसरात आहे, तोही येथे बोधप्रद ठरतो. मुंबईच्या उपनगरात १९४९ साली आरे दुग्धवसाहत स्थापन झाली, आणि तिच्या लगतच गोरेगावच्या डोंगरउतारावर १९७७ मध्ये चित्रनगरी उभी राहिली. दादासाहेब फाळके यांचे नाव धारण करणाऱ्या या नगरीत अनेक हिंदी-मराठी मालिकांची घरे, देवघरे आणि दिवाणखाने उभारले जातात. बिमल रॉय यांच्या 'मधुमती' (१९५८) या पुनर्जन्माच्या प्रणयकथेतील डोंगरी धुक्याचा काही भाग आरे वसाहतीतच कृत्रिम धुराने निर्माण करण्यात आला होता. त्या धुक्याला हवामानशास्त्राची कसोटी कोणी लावली नाही. कारण त्या चित्रपटात धुके हीच 'म्हणे'ची खूण होती. आज त्याच रानाच्या कडेला उभारलेल्या दिवाणखान्यांत धुके नसते. तेथे गॅसची शेगडी, कार्यालयातील मेज आणि भिंतीवरील दिनदर्शिका असते. या वस्तू 'हे तुमचेच घर आहे' असे सुचवितात. म्हणून घराचे नियमही आपोआप आत येतात.

'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६ ते २०२१) हे उदाहरण पाहावे. हे शीर्षकच अर्थदृष्ट्या कोड्यासारखे आहे. एकपत्नीत्व गृहीत धरले, तर विवाहित स्त्रीच्या तोंडी या पदबंधाचा निर्देश तिच्या स्वतःकडेच होऊ शकतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंतर तर अन्य निर्देश कायद्यासही मान्य नाही. शीर्षकाची गंमत या नियमाच्या भंगावर उभी आहे. म्हणजे मालिका आरंभापासूनच लोकव्यवहाराचे आणि कायद्याचे चलन वापरते. अशा वेळी गुरुनाथाच्या प्रतारणेला प्रेक्षकांनी व्यवहाराच्या तराजूत तोलले, तर ते मालिकेच्याच निमंत्रणावरून होय. नागपुरी बोली बोलणारी राधिका मसाल्यांच्या धंद्यातून अल्पावधीत मोठी उद्योजिका होते, यावर जो विनोद झाला, त्याचे स्वरूप मात्र निराळे आहे. ते यश अर्थशास्त्राने अशक्यप्राय असेल. पण बोलीमुळे गावंढळ ठरविलेल्या स्त्रीला मिळालेली ती नाट्यधर्मी भरपाई आहे. तेथे ताळेबंद मागणे म्हणजे आटपाट नगराचा तालुका विचारणे होय. ईन आंग यांनी 'डॅलस' या अमेरिकन मालिकेच्या डच प्रेक्षकांचा जो अभ्यास केला (इंग्रजी आवृत्ती १९८५), त्यातही हेच दिसले होते : बाह्य परिस्थिती अवास्तव वाटली, तरी भावना खऱ्या वाटू शकतात.

अधिक बिकट उदाहरण 'तुला पाहते रे' (२०१८-१९) या मालिकेचे आहे. प्रौढ, धनाढ्य उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि त्याच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान असलेली मध्यमवर्गीय ईशा निमकर यांचा हा प्रणय. शीर्षकात 'तुला' आणि 'रे' असे सलगीचे संबोधन आहे. कथेत मात्र ईशा त्याला 'सर' म्हणते. शीर्षक आणि संवाद यांमधील हे अंतर वयाचे, तसेच पैशाचे आणि सत्तेचेही अंतर आहे. पुष्कळ प्रेक्षकांनी वयाच्या फरकावर आक्षेप घेतला. पुष्कळांनी 'अशी जोडपी असतात' म्हणून त्याचे समर्थन केले. दोघांनीही लोकव्यवहाराचाच दाखला दिला, हे लक्षणीय आहे. मग कथेने वळण घेतले. विक्रांत हा पहिल्या पत्नीच्या, राजनंदिनीच्या, मृत्यूस कारणीभूत झालेला कपटी पुरुष ठरला, आणि ईशा राजनंदिनीचाच पुनर्जन्म निघाली. आक्षेप घेणारांचे म्हणणे वरकरणी खरे ठरले. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. विक्रांत दोषी ठरला तो खुनामुळे. निष्कपट विक्रांताशी ईशाचा संसार समतोल झाला असता काय, हा प्रश्न पुनर्जन्माच्या धुक्यात हरवला.

याच्या शेजारी देवलांचे 'संगीत शारदा' (१८९९) ठेवले म्हणजे निकष स्पष्ट होतो. तेथेही विषम विवाहाचा प्रश्न आहे, आणि तेथेही उलगडा मूळ प्रश्नाला बगल देऊनच होतो : भुजंगनाथाचा विवाह मोडतो तो वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघड झाल्याने, त्याच्या वार्धक्यामुळे नव्हे. युक्ती एकाच जातीची. तरीही 'शारदे'वर प्रश्न टाळल्याचा आरोप टिकत नाही. कारण त्या प्रसंगापूर्वीच संपूर्ण नाटकाने कांचनभटाचा लोभ आणि म्हाताऱ्याची लालसा यांना हास्याने व करुणेने दोषी ठरविलेले आहे. सगोत्राची सबब केवळ दार उघडते. 'तुला पाहते रे'मध्ये उलट घडते. आधीच्या कित्येक भागांत संगीत, मंदगती दृश्ये आणि समीपदृश्ये यांनी विक्रांतच्या मोहिनीला संमती दिलेली असते, आणि नंतरचा दोषारोप त्या संमतीची उलटतपासणी करीत नाही.

यावरून असे म्हणता येईल, की लोकव्यवहाराचा निकष पात्राच्या कृतीला लावल्याने फारसे काही साधत नाही. तो कथनाच्या वृत्तीला लावावा लागतो. खलपात्राने खोटे बोलावे, नायकाने चुकावे, यात कलाकृतीचा दोष नाही. अवतरणातील वाक्याची जबाबदारी अवतरण देणारावर नसते. परंतु कोणते वाक्य उचलावे आणि कोणत्या स्वरात सांगावे, ही जबाबदारी त्याचीच. मराठीतील 'म्हणे' स्वरभेदाने निव्वळ ऐकीव माहिती, शंका किंवा उपहास सूचित करतो. मालिकेच्या 'म्हणे'चा स्वर तिच्या पार्श्वसंगीतात, प्रकाशात आणि प्रसंगांच्या क्रमात ऐकावा लागतो. नकार मिळूनही पाठलाग करणाऱ्या नायकावर कथनच सनईचे सूर शिंपडीत असेल, तर 'मालिकाच आहे ती' हे उत्तर पुरत नाही. तेथे कल्पिताची सबब पुढे करून व्यवहारातील एका रीतीची शिफारस केलेली असते, आणि शिफारशीला व्यवहाराने उत्तर देणे न्याय्यच आहे.

अभ्यासकाचे काम यामुळे दुहेरी होते. प्रेक्षकाला विसर पडलेला 'म्हणे' त्याने पुन्हा उच्चारून दाखवावा, म्हणजे पात्र आणि शेजारी यांची गल्लत टळेल. आणि तो 'म्हणे' कोणत्या स्वरात उच्चारला गेला, हेही ऐकावे, म्हणजे कल्पिताच्या आडून आलेली शिफारस नजरेतून सुटणार नाही. यांपैकी पहिले काम न करणारा टीकाकार पंच होऊन बसतो, आणि दुसरे न करणारा केवळ रसिक राहतो.