पोथीतला पिवळा डाग

‘हरताळ फासणे’ असं आपण सहज म्हणतो, पण त्यातला हरताळ प्रत्यक्ष पाहिलेले थोडेच. शहाडला आमच्या घरी आजोबांकडून आलेली एक पोथी आहे. तिच्या एका पानावर चार अक्षरांएवढा पिवळा पट्टा आहे. लिहिणाऱ्याचा हात चुकला, त्याने त्या अक्षरांवर हरताळ फासला आणि वाळल्यावर त्यावरच पुन्हा लिहिलं. भिंगाखाली त्या पिवळ्यात बारीक कण चमकतात. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचं खनिज. थुंकी लावून पान उलटायची आपली सवय आठवली की अंगावर काटा येतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या जैन हस्तलिखितांची सूची करताना हीरालाल कापडिया यांनी दुरुस्तीसाठी वापरलेल्या पिवळ्या रंगाची आवर्जून नोंद केली. त्याच संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे शाईच्या इतिहासावर लिहून गेले. नुसत्या डोळ्यांनी जेवढं कळतं तेवढं या माणसांनी टिपलं. पण पिवळा म्हणजे हरताळ, हळद की पिवळी माती? याचं उत्तर आज पानाला धक्का न लावता मिळू शकतं.

क्ष-किरणांचं हातात मावणारं यंत्र रंगातली मूलद्रव्यं सांगतं. लाल रंगात पारा सापडला तर हिंगूळ, शिसं सापडलं तर शेंदूर. हिरव्यात तांबं असेल तर बहुधा जंगाल. पिवळा हरताळ आणि तांबडी मनशीळ या दोघांत मात्र आर्सेनिक आणि गंधकच, त्यामुळे तिथे रामन यांच्या नावाची लेझर पद्धत लागते. नीळ तर क्ष-किरणांना दिसतच नाही, ती वनस्पतीची. रामन पद्धतीत ती चटकन ओळखू येते. आमच्या शेजारच्या उल्हासनगरात जीन्स रंगवायचे, त्यानं वालधुनी नदीचं पाणी निळं झालेलं आम्ही पाहिलं आहे. त्या कृत्रिम निळीचा आणि जुन्या पोथीतल्या निळीचा मुख्य रेणू एकच, म्हणून नुसतं ‘नीळ आहे’ एवढ्यावर पोथीचं वय ठरत नाही. लाख आणि मंजिष्ठ या तांबड्या रंगांपाशी गाडी खरी अडते. त्यांची खात्रीची ओळख पटवायला अजूनही बऱ्याचदा कणभर नमुना काढावा लागतो, आणि पोथी सांभाळणारे नाही म्हणतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाने अशा तपासण्यांवर २०१६ मध्ये मोठं प्रदर्शन भरवलं. २०१९ मध्ये तर जर्मनीतल्या डालहाइम इथल्या एका मध्ययुगीन स्त्रीच्या दातांवरच्या किटणात लाजवर्दाचे, म्हणजे पोथ्यांत वापरायच्या निळ्या रंगाचे, कण सापडल्याचं जाहीर झालं. पोथ्या रंगवणाऱ्यांत बायकाही असाव्यात, याचा तो बोलका पुरावा मानला गेला.

आपल्याकडे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ आहे. अहमदनगरच्या निजामशाहीतलं, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतरचं हे चित्रमय फारसी काव्य. त्यात राणी खुंजा हुमायूनची आकृती जागोजाग नाहीशी केलेली आहे. मुलाने तिला कैद केल्यानंतर हे झालं असावं, असं अभ्यासक मानतात. जिथे वरून रंग दिला आहे, तिथे खाली काजळीची रेघ उरली असेल तर अवरक्त प्रकाशात ती दिसू शकते. महाराष्ट्रात या कामाला सुरुवात करायची तर माझ्या मते ती या ग्रंथापासून व्हावी.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ योजना जाहीर झाली; एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचं आणि जतनाचं ते काम. चांगलंच आहे. पण स्कॅन केलेल्या पानातला पिवळा हा पडद्याचा पिवळा. त्यात आर्सेनिक नसतं. जंगाल कागद खातो आणि हरताळ उजेडात फिका पडतो. कुठला रंग आहे हे ठाऊक नसताना पानाला ओलावा देणं किंवा ते काचेत दिव्याखाली मांडणं म्हणजे निदानाआधी औषध. चित्र असलेल्या प्रत्येक पोथीची आधी क्ष-किरणांनी तपासणी व्हावी, आणि सूचीत ‘तांबडा’ऐवजी हिंगूळ की शेंदूर ते लिहिलं जावं. हिंगूळ, मनशीळ, जंगाल हे शब्द आपल्या भाषेत तयार आहेत. प्रयोगशाळेतल्या माणसांना ते सांगायला पोथीवाल्यांनी शेजारी बसायला हवं.

आमच्या पोथीचं ते पान मी खिडकीपाशी तिरकं धरतो तेव्हा हरताळाखाली एक काना आणि बहुधा ‘न’ पुसटसा दिसतो. उरलेली अक्षरं काजळीची असतील, तर अवरक्त कॅमेऱ्यासमोर हरताळ बाजूला होईल आणि ती वाचता येतील.