९७ टक्के, पण कशाचे?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रगती समितीसमोर मी एक स्लाइड दाखवली होती. कॅनडातल्या ड्रेक लँडिंग नावाच्या वस्तीत ९७ टक्के ऊर्जा सूर्यापासून मिळते, असं तिच्यावर मोठ्या अक्षरांत होतं. समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "९७ टक्के कशाचे?" मी म्हटलं, "ऊर्जेचे." त्या म्हणाल्या, "कुठल्या ऊर्जेचे? कुठे मोजलेल्या?" पुढची दोन मिनिटं मी जे काही बोलले ते आठवलं की अजून कान तापतात. पेपर वाचला होता हो मी. म्हणजे गोषवारा आणि निष्कर्ष. मधली पानं नुसती चाळली होती.

तो पेपर त्यानंतर मी चार वेळा तरी वाचला असेल. तुमच्यापैकी जे आता पेट किंवा नेटच्या मागे आहेत आणि लवकरच प्रपोजल लिहायला बसतील, त्यांच्यासाठी आज तोच घेऊ या.

आधी शब्द. डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हटलं की आपल्याला जिल्हा आठवतो. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे वस्ती. घरोघरी बॉयलर ठेवण्याऐवजी एका जागी पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या पाइपांतून सगळ्या घरांत फिरवायचं. थंड देशांत ही जुनी पद्धत आहे. अडचण अशी की उष्णता लागते जानेवारीत आणि ऊन भरपूर असतं जुलैत. आपल्या गच्चीवरच्या सोलर बंबाला सकाळचं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत गरम ठेवायचं असतं. इथे उन्हाळा हिवाळ्यापर्यंत टिकवायचा आहे.

ड्रेक लँडिंग आहे अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीच्या दक्षिणेला ओकोटोक्स गावात. एकूण ५२ घरं. २००७ साली यंत्रणा सुरू झाली. घरांमागच्या गॅरेजांच्या छपरांवर सुमारे ८०० सौर कलेक्टर, क्षेत्रफळ जवळपास २,३०० चौरस मीटर. भागाकार करून बघा: एका घरामागे ४४ चौरस मीटर. उन्हाळ्यात तापलेलं पाणी जमिनीत खणलेल्या १४४ बोअरमधून फिरवायचं. हे बोअर साधारण ३५ मीटर खोल आहेत आणि ३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात बसवलेले आहेत. पाण्याची उष्णता मातीत जाते, आणि हिवाळ्यात त्याच पाइपांतून परत काढली जाते.

मला या रचनेत सगळ्यात आवडलेली गोष्ट बोअर नाहीत, मधल्या टाक्या आहेत. माती उष्णता साठवते खरी, पण घेते हळूहळू. जूनच्या दुपारी कलेक्टरांतून जेवढी उष्णता येते तेवढी बोअर त्याच वेगाने गिळू शकत नाहीत. म्हणून मध्ये २४० घनमीटर पाण्याच्या टाक्या आहेत. दुपारची उष्णता आधी टाकीत, मग रात्रभर सावकाश जमिनीत. साठा किती आहे आणि तो किती वेगाने भरता-काढता येतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या डिझाइनने ते खरोखर वेगळे सोडवले. साठवणुकीवर काम करणाऱ्यांनी (मीही त्यातलीच) हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्या पेपरांत क्षमतेचा आलेख पहिल्या पानावर असतो आणि वेगाचा परिशिष्टात.

दुसरी कौतुकाची गोष्ट म्हणजे त्यांनी आधी सिम्युलेशन करून भाकीत केलं होतं की पाचव्या वर्षापर्यंत सौर वाटा ९० टक्क्यांच्या वर जाईल. मग पाच वर्षं मोजलं आणि २०१२ साली आकडे छापले. पाचव्या वर्षी ९७ टक्के. पहिल्या वर्षी मात्र बरेच कमी, कारण ३४ हजार घनमीटर माती आधी स्वतः तापायला हवी. एखाद्याने फक्त पहिल्या वर्षाचं मोजमाप करून पेपर लिहिला असता तर प्रकल्प फसला असंच वाटलं असतं. तुमचा प्रयोग किती काळ चालवायचा हे तुमच्या फेलोशिपच्या मुदतीवरून ठरवू नका, एवढं मी यातून घेतलं. जमतं का ते वेगळं.

आता मॅडमचा प्रश्न. ९७ टक्के हा भागाकार आहे, आणि मी छेद वाचलाच नव्हता. छेदात आहे वस्तीच्या पाइपांतून घरं उबदार ठेवायला पाठवलेली उष्णता. एवढंच. अंघोळीचं, भांडी घासायचं गरम पाणी त्यात नाही. त्यासाठी प्रत्येक घरावर वेगळे सौर पॅनेल होते, आणि उरलेलं काम गॅसवर. पंपांची वीजही नाही. घरं सामान्य घरांपेक्षा चांगल्या इन्शुलेशनची बांधली होती, म्हणजे छेद मुळातच लहान केलेला होता. हे पेपरने लपवलेलं नाही, प्रणालीच्या वर्णनात आहे. पण गोषवाऱ्यातून आकडा एकटाच बाहेर पडतो, आणि माझ्यासारखी कुणीतरी तो स्लाइडवर लावते. २०१५-१६ च्या हंगामात तर हा आकडा १०० टक्के झाला. तो वापरण्याआधी त्या हिवाळ्यात थंडी किती होती हेही बघायला हवं ना?

माझा खरा आक्षेप मात्र छेदावर नाही, आकारमानावर आहे. साठ्यातून उष्णता गळते ती पृष्ठभागातून आणि साठते ती घनफळात. सिलिंडरची लांबी, रुंदी, खोली दुप्पट केली की घनफळ आठपट होतं, पृष्ठभाग चौपटच. म्हणजे साठा जितका मोठा, तितकी गळती प्रमाणात कमी. सहा महिन्यांच्या साठवणुकीत हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि ५२ घरांचा साठा त्या दृष्टीने लहानच. पेपर वाचताना वाटतं की तंत्र सिद्ध झालं, आता नकला काढायच्या. माझ्या मते सिद्ध इतकंच झालं की भौतिकशास्त्र चालतं. या आकाराला ते परवडतं का, हा प्रश्न पेपरच्या कक्षेबाहेर होता. पुढे उद्धृत करणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो तिथेच सोडला.

उत्तर २०२४ मध्ये आलं. यंत्रणेचे भाग जुने झाले, बदली भाग मिळेनात, दुरुस्तीचा खर्च पेलवेना. ती बंद करून घरं गॅसच्या भट्ट्यांवर नेण्यात आली. जमिनीतली उष्णता संपली नव्हती, ऊनही कमी झालं नव्हतं. पण एका जागच्या खास यंत्रणेच्या दुरुस्तीचा खर्च ५२ घरांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला किती येणार?

शेजारी डेन्मार्कमधलं मार्स्टाल ठेवून बघा. एरो बेटावरचं छोटं गाव, पण उष्णता कंपनी ग्राहकांच्याच मालकीची आणि जोडण्या दीड हजारांच्या आसपास. ३३ हजार चौरस मीटरपेक्षा जास्त कलेक्टर, ७५ हजार घनमीटर पाण्याचा प्लास्टिकने अस्तर केलेला, झाकलेला खड्डा, जोडीला लाकडाच्या चिपांचा बॉयलर आणि हीट पंप. म्हणजे सूर्यावर एकट्यावर भार नाही. तेवढ्याच घनफळाचं पाणी मातीच्या जवळपास दुप्पट उष्णता धरतं, आणि भरायला-काढायला सोपं. अडचणी तिथेही आल्या. खड्ड्यावरचं तरंगतं झाकण पुढे बदलावं लागलं. पण तो खर्च वाटून घ्यायला माणसं होती. सहकाराचा हिशेब आपल्याकडे साखर कारखान्याच्या सभासदालाही कळतो, आपल्या साहित्य-आढाव्यात मात्र तो क्वचितच येतो.

मग ड्रेक लँडिंग फसलं असं लिहायचं का? मी लिहिणार नाही. सतरा वर्षं चाललेला, भाकीत आधी सांगून नंतर मोजलेला प्रयोग आपल्या क्षेत्रात किती आहेत, मोजून बघा. पण 'यशस्वी' हा शब्दही मी काढून टाकलाय.

गेल्या आठवड्यात सिनॉप्सिसचा मसुदा सरांना दिला. त्या जुन्या स्लाइडच्या जागी आता असं वाक्य आहे: "५२ घरांच्या या वस्तीत पाचव्या वर्षी घरं उबदार ठेवण्याच्या उष्णतेपैकी (गरम पाणी व पंपांची वीज वगळून) ९७ टक्के सौर होती, यंत्रणा २०२४ मध्ये देखभालीच्या कारणांमुळे बंद झाली." सरांनी समासात लिहिलंय, "लांब आहे. असू दे."