खासगी अभिप्रायाचे समीक्षामूल्य

साहित्य आणि कला यांविषयीच्या बोलण्याचा फार मोठा भाग समीक्षाग्रंथांत नसतो. नाटकाच्या मध्यंतरात, पुस्तकांच्या दुकानात, नटांविषयी व लेखकांविषयी चाललेल्या गप्पांत जे अभिप्राय व्यक्त होतात, ते बहुधा उतावीळ, कारणांवाचून दिलेले आणि व्यक्तिनिष्ठ असतात. विद्यापीठीय समीक्षेने हे बोलणे सामान्यतः आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. मात्र तेच बोलणे जेव्हा मुद्रित होते आणि सदराच्या रूपाने वर्षानुवर्षे वाचले जाते, तेव्हा त्याच्या स्वरूपाचा विचार टाळता येत नाही. असे अभिप्राय समीक्षा ठरतात काय, आणि ठरत असल्यास कोणत्या अटीवर, हा येथे प्रश्न आहे.

या प्रश्नाचे तात्त्विक अंग कांटच्या १७९० मधील ग्रंथात सापडते. एखादी वस्तू आपल्याला सुखद वाटते असे म्हणणारा इतरांच्या सहमतीवर हक्क सांगत नाही. ती सुंदर आहे असे म्हणणारा तो सांगतो, जरी त्याला त्याची सिद्धता देता येत नसली तरी. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाच्या वाचकांना हा विचारव्यूह परिचित आहे. गप्पांतील अभिप्राय मात्र या दोहोंपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. ‘मला काही आवडले नाही बुवा’ असे म्हणणारा मनुष्य व्याकरणदृष्ट्या केवळ स्वतःविषयी बोलत असतो. प्रत्यक्षात त्याने समोरच्याकडे होकार मागितलेला असतो. ही मागणी तर्कावर उभी नसते, तशी सार्वत्रिक मानवी संवेदनशक्तीवरही नसते. ती दोघांच्या समान परिचयावर उभी असते: नाटक दोघांनी पाहिलेले आहे, नट दोघांना ठाऊक आहे, कशाला हसायचे हेही ठरलेले आहे. खासगी अभिप्रायाचे प्रामाण्य हे असे वर्तुळाचे प्रामाण्य असते.

जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांनी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने ‘ललित’मध्ये चालविलेले ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर या प्रकाराचे मराठीतील ठळक उदाहरण होय. १९६४ साली सुरू झालेले ‘ललित’ हे ग्रंथव्यवहाराला वाहिलेले मासिक. केशवराव कोठावळे यांच्या मॅजेस्टिकशी त्याचे नाते जुळलेले. पुस्तकांच्या वार्ता आणि जाहिराती यांच्या शेजारी बसून लेखकांच्या मोठेपणाची टिंगल करणारे सदर चालावे, यात एक विसंगती आहे, आणि तिच्यातच त्या सदराचे कार्य दडलेले आहे. ग्रंथव्यवहार लेखकाची प्रतिमा वाढवीत नेतो. सदर ती प्रतिमा टाचणीने टोचते. टोपणनावाचा अर्थही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याच्यापाशी काही नाही तो ठणठणपाळ. अधिकार नाकारूनच हा भाष्यकार बोलण्याची मोकळीक मिळवतो. ‘चक्र’ (१९६३) सारखी कादंबरी लिहिणाऱ्या दळवींना स्वतःच्या नावाने समकालीनांविषयी बोलताना जो संकोच बाळगावा लागला असता, तो मुखवट्याने दूर केला.

याच लक्ष्यावर भालचंद्र नेमाडे यांनी ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ या लेखात नेम धरला आहे. दोघांचाही विषय लेखकाला चिकटणारी प्रतिष्ठा हाच. परंतु नेमाड्यांचा रोष वर्तुळाबाहेर उभा राहून व्यक्त होतो, म्हणून त्याला कारणमीमांसा करावी लागते. ठणठणपाळ आतला असल्याने त्याचे निर्देशावर भागते. नुसते नाव घेतले की हशा पिकतो. हे त्या लेखनाचे बळ, आणि तीच त्याची मर्यादा. ज्या वाचकाला ती नावे, ते सत्कार, ती भांडणे ठाऊक नाहीत, त्याच्यापर्यंत विनोदाचा आकार पोचतो, अभिप्राय पोचत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, वर्तुळाबाहेरच्या लेखनाविषयी बोलण्याची वेळ आली असता अशा अभिप्रायापाशी साधनच उरत नाही.

तशी वेळ ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाने आणली. नामदेव ढसाळ यांच्या या कवितेला विजय तेंडुलकर यांनी लिहिलेली प्रस्तावना हीदेखील खासगी अभिप्रायाच्या जातीचीच आहे. तीत सिद्धान्त नाही, काव्यशास्त्राची परिभाषा नाही. परंतु तेंडुलकर त्या वस्तीशी असलेला आपला अपरिचय लपवीत नाहीत. ते कवीबरोबर तेथे हिंडतात, न कळलेले शब्द त्याला विचारतात आणि त्या शब्दांचे अर्थ वाचकापुढे ठेवतात. येथे समान परिचय गृहीत धरलेला नाही. तो नाही, हे मान्य करूनच अभिप्राय सुरू होतो. म्हणून त्या वर्तुळातला नसलेला वाचकही त्याच्याबरोबर चालू शकतो.

ठणठणपाळाने नाकारला तो अधिकार; तेंडुलकरांनी नाकारला तो परिचय. पहिला नकार हा मुखवट्याचा भाग आहे, त्याखाली पक्की जाणकारी शाबूत असते. दुसऱ्या नकारात बोलणाऱ्याची जाणकारीच पणाला लागते. म्हणून खासगी अभिप्रायाचे मोल त्याच्या धीटपणावरून वा मिस्किलपणावरून ठरविणे अपुरे ठरते. अभिप्राय व्यक्तिगत असणे हा दोष नव्हे, पु. ल. देशपांडे यांनी ‘गुण गाईन आवडी’ (१९७५) या पुस्तकाच्या नावातच आवडीचा उघड उच्चार केला आहे. दोष तेव्हा उत्पन्न होतो, जेव्हा आवड ही सर्वांची म्हणून वावरते आणि त्या ‘सर्वां’त कोण मोडत नाही याचा तिला विसर पडतो.

आज अशा अभिप्रायांची संख्या अफाट वाढली आहे आणि ज्या मंडळींच्या समान परिचयावर ‘ललित’मधील सदर उभे होते, ती विखुरली आहे. मागणी मात्र तशीच आहे: ‘मला आवडले’ म्हणायचे आणि होकाराची वाट पाहायची. अशा वेळी समीक्षेने या बोलण्याला हद्दपार करण्यात अर्थ नाही. हा अभिप्राय कोणता परिचय गृहीत धरतो, आणि तो परिचय नसलेल्याला आत येण्यासाठी त्याने दार ठेवले आहे की नाही, एवढे तिने प्रत्येक वेळी विचारावे. दार असेल तेथे समीक्षेचा प्रारंभ झालेला असतो, मग बोलणे कितीही सैल असो.