पुण्याचे फुटबॉल क्लब कुणी बुडवले?

मंडळी, आज ज्या क्लबबद्दल बोलायचं आहे, त्याच्या मॅचेस अमरावती-अकोल्यातल्या बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिल्या असतील. पुण्याला नोकरीला गेलेली आपली पोरं मात्र बालेवाडीला जाऊन बसायची, नारंगी जर्सी घालून. एफसी पुणे सिटी. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर जन्मला, २०१७-१८ च्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०१९ मध्ये संपला. पाच हंगाम, बस्स.

का संपला, याचं एक उत्तर ठरलेलं आहे: पुण्यात फुटबॉलला प्रेक्षक नाही. हे मला मान्य नाही, आणि भावनेपोटी नव्हे, हिशेबानं. बालेवाडीत फुटबॉलला साधारण ९ हजार माणसं बसतात असं धरा. घरच्या मैदानावर ९ मॅचेस. प्रत्येक खुर्ची भरली, प्रत्येकानं २०० रुपये मोजले, तरी हाती येतात १ कोटी ६२ लाख. आणि त्या काळात लीग जिंकणाऱ्याला मिळत होते ८ कोटी. नुसतं लीगमध्ये राहण्याची वार्षिक फीच त्याहून जास्त होती. त्यावर खेळाडूंचे पगार, परदेशी प्रशिक्षक, विमानं, हॉटेलं. जाहिरातीचे आणि लीगच्या वाट्याचे पैसे धरले तरी खड्डा राहतोच. म्हणजे स्टेडियम खचाखच भरलं असतं तरी मालकाला दरवर्षी खिशात हात घालावा लागणार होता. अन् प्रेक्षकाला काहून दोष देता?

मग तो खिसा कुणाचा होता ते पाहू. क्लब वाधवान समूहाचा, सोबत नावाला हृतिक रोशन. या समूहाची मोठी कंपनी डीएचएफएल, घरकर्ज देणारी. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस कोसळली, बाजारात अशा कंपन्यांना उधार मिळेना, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं डीएचएफएलचं संचालक मंडळच बरखास्त केलं. क्लब त्याच्या काही महिने आधीच गेला होता. घर अडचणीत आलं की आधी केबल बंद होते, तसं.

याच शहरातला दुसरा क्लब घ्या, डीएसके शिवाजियन्स. जुना क्लब, इंग्लंडच्या लिव्हरपूलबरोबर अकादमी, आय-लीगमध्ये थेट प्रवेश. मालक बांधकाम व्यावसायिक. ठेवीदारांचे पैसे अडकले, तक्रारी झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये मालकाला अटक झाली. त्या खटल्यात मी शिरत नाही, ते न्यायालयाचं काम. पण क्लब त्याआधीच मैदानातून दिसेनासा झाला होता. पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता, तोही गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला. आणि मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला तर पैशाची अडचणही नव्हती! राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, २०१० मध्ये कंपनीनं शांतपणे बंद केला, आता शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देऊ म्हणाली.

म्हणून मालकाला शिव्या घालून थांबणं मला अपुरं वाटतं. मालक दोषी आहेच. दुसऱ्याच्या पगारावर संसार उभा करताना त्यानं आपली ऐपत पाहायला हवी होती. पण त्याहून मोठा दोष मी लीगला देतो. पाच वर्षं तोटा दिसत असताना फी तीच ठेवणारी, मालकाचा ताळेबंद न तपासणारी लीग. आणि फुटबॉल महासंघाला: २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटींना सगळे व्यापारी हक्क देऊन टाकले, मग जाब विचारायला हातात राहिलं काय?

अचलपूरची फिनले मिल आपण पाहिली आहे. मिल इथं, कामगार इथले, आणि चालू ठेवायची की नाही ते ठरतं दिल्लीत. पुण्याच्या पोरांचं तेच झालं. जर्मनीत क्लबच्या मतांचा बहुमताचा वाटा सभासदांकडे राहावा असा नियम आहे. मालक पळाला तरी क्लब उचलून नेता येत नाही. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, ते कुणा एका उद्योगाच्या नफ्यावर टांगलेलं नाही म्हणून. (मंडळ म्हटलं की सगळं पवित्र, असं मी म्हणत नाही. बुडालेल्या सहकारी बँका वऱ्हाडाला नव्यानं सांगायला नकोत.)

पुण्याची जागा २०१९ मध्ये नव्या मालकांनी घेतली आणि हैदराबाद एफसी झाला. त्यानं २०२२ मध्ये लीग जिंकली. पुढच्या दोनच वर्षांत तिथल्याही खेळाडूंचे पगार थकले. २०२५ मध्ये तोच संघ पुन्हा हलवला गेला, आता तो दिल्लीत आहे, तिसऱ्या नावानं.